एका कढईतले जेवण

अन्नाविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ विचार केला आहे. स्वयंपाकाविषयी त्या मानाने फारच थोडा. उपवास केव्हा करावा, मांसवर्जन कोणत्या दिवशी पाळावे, भुकेल्याला काय द्यावे, जेवणापूर्वी कोणती प्रार्थना म्हणावी, ह्या साऱ्यांची उत्तरे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच मिळतात. पण ते अन्न शिजवणाऱ्या हातांना मंगळवारी संध्याकाळी साडेसहा वाजता जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर कोणत्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आम्हांला आढळलेले नाही. तो प्रश्न असा : दिवसभराच्या नोकरीने थकून घरी आलेल्या माणसाने रात्रीचे जेवण सोपे करून घेतले, तर त्यात काही उणे आहे काय? कमी कष्टाचे अन्न हे कमी मायेचे अन्न असते काय?

प्रश्न क्षुल्लक आहे, धर्मगुरूने त्यात शिरू नये, असे काहींना वाटेल. आमचे मत वेगळे आहे. गृहभेटींच्या निमित्ताने घरोघरी जाणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, की कुटुंबातली मोठी भांडणे जमिनीवरून होतात. पण मने दुखावतात ती पानात काय वाढले आणि कोणी वाढले, ह्यावरून. न्यायालयात न जाणारा आणि पापनिवेदनातही सहसा न येणारा हा कलह आहे. म्हणूनच त्याकडे नीट पाहिले पाहिजे.

चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे ते देशाच्या इतिहासात गेले. बालाजीच्या घोडायात्रेमुळे ते पूर्व विदर्भात घरोघर माहीत आहे. आणि अलीकडे ताडोब्याच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांमुळे बाहेरच्या जगाची ये-जाही वाढली आहे. त्या ये-जेबरोबर किराणा दुकानांच्या फळीवर शेवयांच्या पुड्याशेजारी पास्त्याचा पुडा येऊन बसला. तरुण गृहिणींनी तो उचलला आणि त्यातून आठवड्याच्या मधल्या वारी करण्याजोगे एक जेवण घराघरांत रुळू लागले. कोंबडी, पास्ता आणि मलई, सारे एकाच कढईत. ज्या घरात ह्या जेवणावरून वाद झाला त्या घराकडे आम्ही येऊच. पण आधी तो पदार्थ काय आहे ते सांगितले पाहिजे. ज्या वस्तूचा न्याय करायचा ती वस्तू आधी नीट समजून घ्यावी, एवढे तर्कशास्त्र गुरुमठात आम्हांला शिकवले गेले आहे.

चार माणसांसाठी सुमारे ४०० ग्रॅम हाडे काढलेली कोंबडी आणि २५० ग्रॅम पास्ता पुरतो. कोंबडीचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे करावे, त्यांना मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी चोळावी. पसरट, जाड बुडाची कढई चांगली तापवून थोड्या तेलावर हे तुकडे टाकावे आणि दोन-तीन मिनिटे त्यांना हात लावू नये. ही गोष्ट महत्त्वाची आहे. सतत हलवत राहिले तर तुकड्यांना पाणी सुटते आणि ते भाजले न जाता उकडले जातात. दोन्ही अंगांनी तांबूस झाले की ते बाजूला काढावे. कढईच्या तळाला जी तपकिरी खरपुडी धरते ती घासून टाकायची नसते. पदार्थाची सगळी चव तिच्यात असते. त्याच कढईत चिरलेला कांदा आणि सात-आठ लसूणपाकळ्या परताव्या, त्यावर सुमारे पाऊण लिटर गरम पाणी घालावे, उलथन्याने तळाची खरपुडी सोडवून पाण्यात मिसळावी, मीठ घालावे आणि पाणी उकळले की कोरडा पास्ता त्यातच सोडावा. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे. मधून दोन-तीनदा ढवळणे, नाहीतर तळाशी लागतो. पास्ता नरम होत आला की कोंबडी परत घालावी, ती आतपर्यंत शिजू द्यावी, मग आच अगदी मंद करून अर्धी वाटी घरची मलई थोड्या दुधात फेटून ओतावी. दोन मिनिटांत उतरवावे. लिंबू पिळायचे असेल तर ते चुलीवरून उतरवल्यावर. वरून सांबार, म्हणजे इतरत्र ज्याला कोथिंबीर म्हणतात ती. एकंदर पाऊण तासाच्या आत सारे होते आणि घासायला एक कढई राहते.

ह्यात चमत्कार असा काही नाही. इटलीत पास्ता पुष्कळ पाण्यात उकळून पाणी ओतून देतात आणि त्यातले कपभर रश्श्यासाठी राखून ठेवतात. कारण गव्हाचे सत्त्व पाण्यात उतरते आणि त्याने रस्सा दाट होतो. इथे ते सत्त्व वाया जातच नाही. मलई त्या सत्त्वात मिसळते. दूध आंबटाने चटकन फाटते. मलईत स्निग्धांश जास्त असल्याने ती तितक्या सहजी फाटत नाही, आणि म्हशीच्या दुधाची मलई तर विशेष दाट. आपल्या स्वयंपाकघरात सायीचे पातेले असतेच. विकतचे काही आणावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, की हे परक्यांचे अन्न आहे. हा आक्षेप आम्ही झटपट निकालात काढतो. ज्या मिरचीवाचून वैदर्भी माणसाचा घास उतरत नाही ती मिरची पोर्तुगिजांच्या काळात समुद्रापलीकडून आली. आलू आणि टमाटेही तसेच आले. शिवाय पास्ता तरी कितपत परका? कठीण गव्हाच्या रव्याचे पीठ मळून, त्याला आकार देऊन, वाळवून, पाण्यात शिजवायचे, हे तर आपल्या आजीबाईंनी पिढ्यानपिढ्या केले आहे. इटलीने १९६७ साली कायदा करून वाळवलेल्या पास्त्यासाठी जो ड्यूरम गहू सक्तीचा केला, त्याच जातकुळीचा बन्सी गहू महाराष्ट्रात शेवयांसाठी नावाजला जात असे. विदर्भात काडीभोवती कणकेची दोरी गुंडाळून सरगुंडे करतात, ते वाळवून ठेवतात आणि उन्हाळ्यात उकडून आमरसाबरोबर खातात. बोटवे, मालत्या, गव्हले हे प्रकार लग्नाच्या रुखवतात मांडले जात. आणि एका भांड्यातले जेवण म्हणाल, तर वरणफळे काय आहेत? तुरीचे फोडणीचे वरण उकळत ठेवायचे, कणकेची पोळी लाटून तिच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या आणि त्या वरणातच शिजवायच्या, वरून तूप. जिच्या घरी भाजी नाही, सरपण थोडे आहे आणि माणसे भुकेली आहेत, त्या बाईने शोधलेला हा पदार्थ आहे, आणि कोणी त्याला कमी मायेचा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग वाद कशाचा? तो आम्ही एका घरात पाहिला. सून सरकारी दवाखान्यात परिचारिका, मुलगा शिक्षक, दोन शाळकरी मुले आणि सत्तरीच्या घरातल्या सासूबाई. सासूबाईंचे यजमान पुष्कळ वर्षांपूर्वी गेले. दोन मुलांना त्यांनी शेतमजुरी करून वाढवले. सुनेने आठवड्यातून दोनदा हा एका कढईतला प्रकार करायला घेतला, तेव्हा सासूबाई पहिल्या दिवशी गप्प राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी बोलल्या : “एका गंजात सारं घालून ढवळलं म्हणजे जेवण होते का? हे तं ढोरायचं कुटार झालं.” सून म्हणाली, “आई, आठ तास दोन पायांवर उभी राहून आली मी.” ह्यापुढे दोघीही काही बोलल्या नाहीत, आणि ही शांतता तीन आठवडे टिकली.

सासूबाईंचे म्हणणे हसण्यावारी नेण्याची आजची रीत आहे. आम्हांला ते फार गंभीर वाटते. त्या बाईच्या आयुष्यात वरण, भात, भाजी, पोळी अशा चार गोष्टी एकाच वेळी पानात येणे ही रोजची गोष्ट नव्हती. ती सुबत्तेची खूण होती. दुष्काळी वर्षांत तिने मुलांना एकाच भांड्यातली पातळ पेज पाजली होती. चार वाट्या म्हणजे आपल्या घरावर आता गरिबी राहिली नाही ह्याची रोज संध्याकाळी पटणारी खात्री. पुन्हा एका भांड्यात सारे आले, आणि तिला गरिबी परत आल्यासारखे वाटले. त्याहूनही खोल गोष्ट अशी, की तिच्यापाशी जी विद्या आहे ती शाळेची नव्हे. कोणत्या भाजीला कोणती फोडणी, पित्ताच्या माणसाला काय चालते, बाळंतिणीला काय द्यायचे, ही ती विद्या. पाऊण तासात एका कढईत सारे उरकते म्हटल्यावर त्या विद्येची किंमत कोणी विचारीनासे होते. सुनेला वाटले, सासू माझ्या थकव्याचा विचार करत नाही. सासूला वाटले, माझे सारे आयुष्य वाया गेले असे ही मला पुड्यातून सांगते आहे. दोघीही खऱ्याच होत्या.

येथे गुरुमठातल्या शिक्षणाचा थोडा आधार घेऊ. अधाशीपणाला आपण सात मूळ पापांत गणतो आणि त्याचा अर्थ फार खाणे एवढाच लावतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’मध्ये, पोप संत ग्रेगरी द ग्रेट ह्यांना अनुसरून, ह्या पापाचे पाच प्रकार दिले आहेत. वेळेआधी खाणे, महागडे खाणे, अती खाणे, हावरेपणाने खाणे. आणि पाचवा प्रकार, अन्न फार चोखंदळपणे, गरजेपेक्षा अधिक खटाटोप करून रांधवून घेणे. हा पाचवा प्रकार प्रवचनांत फारसा ऐकू येत नाही. पण त्याचा अर्थ सरळ आहे. जेवणाऱ्याच्या जिभेसाठी दुसऱ्या कोणाला तरी अवाजवी राबवणे हाही हावरेपणाच आहे. ज्या घरातला पुरुष “रोज तेच तेच काय” म्हणून ताट बाजूला सारतो, त्याला आपण अधाशी म्हणत नाही. थॉमस बहुधा म्हटले असते.

तेव्हा साधे जेवण हे प्रेमाच्या कमतरतेचे लक्षण नाही, एवढे तरी सिद्ध होते. पण कष्ट आणि प्रेम ह्यांचा संबंधच नाही असेही त्यावरून ठरत नाही. कष्ट हा प्रेमाचा पुरावा असू शकतो. आजारी मुलासाठी रात्रभर जागणारी आई आपल्याला कोणत्याही शब्दांपेक्षा अधिक काही सांगत असते. मात्र पुरावा आणि ज्याचा पुरावा ती गोष्ट, ह्या दोन वेगळ्या आहेत. मुलाचा ताप उतरल्यावरही आईने जागलेच पाहिजे, नाहीतर तिचे प्रेम आटले, असा हट्ट कोणी धरणार नाही. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र आपण नेमका तो हट्ट धरतो. पोळ्यांचा ढीग हवा, कारण त्यावरून आपल्यावर माया आहे हे आपल्याला कळते. ज्या मायेला असा रोजचा पुरावा लागतो, त्या घरात मायेवर विश्वास किती आहे, हा प्रश्न आम्हांला पडतो.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. कारण सोय ही गोष्ट दिसते तितकी निरपराध नसते. पाऊण तासात जेवण होते, ते कष्ट नाहीसे झाल्याने नव्हे. ते दुसरीकडे गेल्याने. गावरान कोंबडी वाढायला पाच-सहा महिने लागतात, तिचे मांस चिवट असते आणि ते मंद आचेवर दीर्घकाळ शिजवावे लागते. म्हणून तिचा रस्साच होतो. ती घेऊन हा पदार्थ करायला जाल तर पास्त्याचा लगदा होईल आणि कोंबडी कच्ची राहील. एका कढईतले झटपट जेवण शक्य झाले ते सुमारे सहा आठवड्यांत तयार होणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीमुळे. आपल्या राज्यात आज गावोगाव ब्रॉयलर मिळते, त्यामागे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव ह्यांनी स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या संस्थांचे काम आहे. मांस स्वस्त झाले, गरिबाच्या मुलाला प्रथिने मिळाली. हे मोठेच काम. पण आपला जो वेळ वाचला त्यातला काही त्या पक्ष्याच्या आयुष्यातून वजा झाला आहे, काही कारखान्यात पास्ता भरणाऱ्या मजुराच्या पाळीतून आला आहे. सोयीचा उपभोग घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. सोय फुकट मिळते असे समजून मात्र ती घेऊ नये. आणि मांस रोज पानात आलेच पाहिजे असे तर मुळीच नाही.

जंगलाकाठच्या ह्या प्रदेशात ह्या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत वजनदार आहे. येथे एक भांडे की चार भांडी, हा केवळ घासण्याचा प्रश्न कधीच नव्हता. चार भांडी म्हणजे चुलीवर चार वेळा आच, म्हणजे जादा सरपण, म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन रानातून येणाऱ्या बाईची आणखी एक खेप. ज्या रानात ती जाते त्या रानात वाघ आहे. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. तेंदू, मोह, सरपण, कारण काहीही असो, रानात पहाटे पाऊल टाकणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने आणि व्याघ्रक्षेत्राभोवतीच्या गावांसाठी राज्याने आखलेल्या जन-वन विकास योजनेने पुष्कळ घरांत गॅस पोचवला. पण सिलिंडर घरात असणे आणि तो पुन्हा भरून आणणे परवडणे, ह्यांत अंतर आहे. पुष्कळ घरांत तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि रोजची चूल लाकडावरच पेटते. अशा घरात एकाच आचेवर, एकाच भांड्यात, पाऊण तासात सारे जेवण होत असेल, तर ते आळसाचे लक्षण मानायचे की विवेकाचे? शहरातल्या वाचकाला जी हौस वाटते ती येथे एखादी खेप वाचवते. ह्यावर ज्यांना चार वाट्यांचा आग्रह कायम ठेवायचा असेल त्यांनी मोळी स्वतः आणावी, म्हणजे आग्रहाचे वजन त्यांना कळेल.

ह्यातून आपण मूळ मुद्द्याकडे येतो. प्रश्न किती कष्ट हा नसून कोणाचे कष्ट हा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. ही सरासरीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच आहे. न लावणारे तिच्यात मोजलेलेच नाहीत. सासू आणि सून ह्यांच्या भांडणात आम्हांला नेहमी खटकते ते हे, की त्या भांडणाला कारण असलेला तिसरा माणूस त्या वेळी ओसरीवर बसलेला असतो. वर्तमानपत्राच्या आडून तो दोघींकडे सहानुभूतीने पाहतो.

मठजीवनाने ह्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या संन्याशांसाठी जे नियम लिहिले, त्यांतला पस्तिसावा अध्याय आठवड्याच्या स्वयंपाक्यांविषयी आहे. बंधूंनी आळीपाळीने एकमेकांची सेवा करावी. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला बंधू सोडून कोणालाही स्वयंपाकघरातून सूट नाही. दुबळ्यांना मदतनीस द्यावा. आठवडा संपवणाऱ्याने शनिवारी सफाई करावी, अंगपुसणी धुवावी, आणि जाणारा व येणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावे. भांडी स्वच्छ आणि धडधाकट परत करावी. आम्हांला विशेष भावते ती त्यातली एक बारीक सूचना : वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडे पेय आणि भाकर जादा द्यावी, म्हणजे भुकेल्या पोटी वाढताना त्यांच्या मनात कुरकुर येणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका संन्याशाला हे सुचले, की जो वाढतो त्यालाही भूक लागलेली असते. आपल्या कित्येक घरांत ते अजून सुचलेले नाही. बाई सर्वांत शेवटी, उरलेल्यावर, उभ्या उभ्या जेवते आणि आपण तिला अन्नपूर्णा म्हणतो.

पुरुष म्हणतात, आम्हांला येत नाही. पुरणपोळीच्या बाबतीत ते आम्ही मान्य करू. फोडणीच्या वरणाबाबतही एक वेळ मान्य करू. पण तुकडे भाजायचे, कांदा परतायचा, पाणी ओतायचे, पुडा सोडायचा आणि घड्याळ पाहायचे, एवढ्यासाठी पिढ्यांची विद्या लागत नाही. ह्या जेवणाचा आम्हांला दिसणारा मोठा नैतिक गुण हाच आहे. ते इतके सोपे आहे, की त्याने एक सबब कायमची काढून घेतली. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्य सरोवराच्या काठी स्वतः निखारे पेटवले, त्यांवर मासळी ठेवली, भाकर तयार ठेवली आणि रात्रभर राबून थकलेल्या शिष्यांना पहाटे न्याहारीला बोलावले, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आपण वाचतो. एक जाळ, दोन पदार्थ, थकलेली माणसे. त्या प्रसंगावर विश्वासाच्या अंगाने पुष्कळ भाष्ये झाली आहेत. पण स्वयंपाक तेथे कोणी केला, ह्याकडे पुरुषांचे लक्ष जावे अशी आमची इच्छा आहे. आणि प्रभूने शिष्यांना त्यांनी नुकतीच धरलेली मासळीही आणायला सांगितली. वाढणारा आणि जेवणारा अशी सरळ वाटणी तेथेही राहिली नाही.

त्या घरात पुढे काय झाले, हे विचारले जाईल. फार काही झाले नाही. मुलगा आता गुरुवारी कढई हातात घेतो. पहिल्यांदा तळाला लागले, दुसऱ्यांदा मीठ जास्त झाले. सासूबाईंनी एके दिवशी पुडा बाजूला सारला आणि कोंबडीच्या रश्श्यात आपल्या हातची कणकेची फळे सोडली. नातवंडांनी ती पास्त्याहून अधिक आवडीने खाल्ली. तेव्हापासून आठवड्यातला एक वार पुड्याचा आणि एक फळांचा असतो. ह्यात समेट झाला असे आम्ही म्हणणार नाही. सासूबाई अजूनही त्या पदार्थाला जेवण म्हणत नाहीत. “आज ते आहे,” एवढेच म्हणतात, आणि लोणच्याची बरणी जवळ ओढतात.

वाचलेल्या वेळेचे काय झाले, हा प्रश्न आम्ही सुनेला केला होता. तिने प्रामाणिकपणे सांगितले, की निम्मा मोबाईलमध्ये जातो. निम्म्यात ती धाकट्याचा अभ्यास घेते, किंवा पाय वर करून नुसती पडून राहते. नुसते पडून राहणे ह्याला आपल्याकडे वाईट शब्द आहेत. शब्बाथाचा नियम देणाऱ्या धर्माच्या माणसांनी ते शब्द जपून वापरावे असे आम्हांला वाटते. मोबाईलविषयी मात्र आम्ही तिला बोललो, कारण चौघे चार पडद्यांकडे पाहत एकाच कढईतले खाऊ लागले तर एका कढईचा जो एक खरा लाभ, म्हणजे सर्वांनी एकाच वेळी बसणे, तोच निसटतो. पोळी एकेक करून वाढायची असते तेव्हा एकजण चुलीशी अडकलेला असतोच. ह्या जेवणात कोणालाच अडकण्याचे कारण नाही. कढई मधोमध ठेवावी आणि बाईनेही सर्वांबरोबर पान घ्यावे.

अडचणीही आहेत, त्या लपवू नयेत. घरात मधुमेहाचे आजोबा असतील, कोणाला दूध चालत नसेल, कोणाचे दात गेले असतील, तर एकच कढई सर्वांना एकच ताट देते आणि अशक्ताची गैरसोय करते. चार वाट्यांत प्रत्येकाला आपले काही सापडत असे. तेव्हा ज्या घरात असा कोणी आहे तेथे त्याच्यासाठी एक लहान भांडे वेगळे चढवावेच लागेल. तेवढी सोय सोडण्याची तयारी हवी. सांगायचे म्हणजे, भात हा ह्या भागाचा प्राण आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ पासून आपल्या शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या निवडत निवडत एचएमटी तांदळाचे वाण तयार केले. २०१८ साली ते गेले, तांदूळ देशभर गेला. पास्त्याऐवजी तोच तांदूळ ह्याच कढईत, पाणी थोडे कमी करून, घातला तरी चालतो, आणि म्हाताऱ्यांना तो सोसतो.

शुक्रवारी कोंबडी वगळून अळिंबी किंवा हिरवे वाटाणे घालावे. पावसाळ्यात रानातल्या सात्या मिळाल्या तर उत्तमच, मात्र त्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्याव्या. उरलेले बाहेर ठेवू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मलई व कोंबडी दोन्ही लवकर बिघडतात. शीतकपाटात ठेवले तर सकाळपर्यंत पास्ता सारा रस्सा पिऊन फुगलेला असतो. त्यात अर्धी वाटी दूध घालून मंद आचेवर, न ढवळता, झाकण ठेवून गरम करावे. चांगली वाफ येऊन आतपर्यंत कढत झाले की मुलांच्या शाळेच्या डब्याला होते.